मी, तीन बागांमधला वाकडा रस्ता

मित्रांनो, मी रस्ता आहे. वयाने जुना, अंगाने वाकडा आणि स्वभावाने संथ. शहरातल्या तीन बागा मी एकमेकींना जोडतो: तळ्याची, नदीची आणि टेकडीची. माझी लांबी साडेतीन किलोमीटर आहे. त्यातला जवळजवळ एक किलोमीटर निव्वळ वळणांत वाया गेला आहे, असे माझ्या टीकाकारांनी मोजून काढले आहे. त्यांचे मोजमाप बरोबर आहे. ज्याला लवकर पोचायचे असते तो दुसऱ्या रस्त्याने जातो. त्यामुळे माझ्यावर भेटणारी माणसे बहुधा बऱ्या मनःस्थितीत असतात. रस्त्याच्या जन्माला येऊन एवढे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माझ्या आधी इथे काय होते ते सांगतो. बागा होत्या, पण त्या तीन बहिणी एकाच गावात दिलेल्या आणि एकमेकींकडे जायची सोय नसलेल्या, अशा राहत होत्या. मध्ये वीटभट्ट्यांनी माती काढून केलेले खड्डे होते, एक नाला होता आणि शहराने तात्पुरता म्हणून सुरू केलेला उकिरडा होता. हा तात्पुरता उकिरडा तेव्हा एकतीस वर्षांचा होता. एका बागेतून दुसरीत जायचे तर बाजाराच्या रस्त्याला वळसा घालावा लागे. बागेत जेवढी हवा खाल्ली असेल तेवढीच धूळ परतताना खावी लागे, आणि हिशेब बरोबर होई.

मग शहराने ठरवले, की बागा जोडायच्या. या कामावर दोन माणसे नेमली. एक होते इंजिनियर. त्यांनी पहिल्याच बैठकीत नकाशावर लाकडी पट्टी ठेवली, पेन्सिलीने रेघ ओढली आणि काम संपले असे जाहीर केले. तेव्हापासून सगळे त्यांना पट्टीसाहेब म्हणत. दुसऱ्या होत्या बागा आखणाऱ्या एक बाई. त्या म्हणाल्या, की माणूस बागेतून निघून बागेत जाणार असेल, तर मधल्या वाटेवरही तो बागेतच असला पाहिजे. त्यासाठी रस्ता वळला पाहिजे, म्हणजे पुढे काय आहे ते आधीच दिसणार नाही. त्यांचे नाव वळणबाई पडले. दोन्ही नावे चेष्टेत पडली होती. पण माझ्या अनुभवाने सांगतो, चेष्टेत पडलेले नाव माणसाचे काम जेवढे नेमके सांगते तेवढे दारावरची पाटी सांगत नाही.

वळणे कुठे घ्यायची, हा प्रश्न होता. वळणबाईंनी तो कागदावर सोडवला नाही. त्यांचे म्हणणे असे, की रस्ता थकलेल्या माणसाने आखावा, कारण धडधाकट माणूस कुठूनही जातो. असे माणूस त्यांच्या घरीच होते. त्यांच्या सासूबाईंचे वय अडुसष्ट होते आणि दोन्ही गुडघे दुखरे होते. सहा दिवस रोज सकाळी सासूबाई तळ्याच्या बागेतून निघून टेकडीकडे जमेल तशा चालत गेल्या. मागून बाई दोरी घेऊन, आणि त्यांच्या मागून दोन मजूर खुंट्या ठोकत. आजूबाजूच्या बायका खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, की सुनेने शेवटी दावा साधला. सासूबाईंना मात्र या कामाची गोडी लागली होती. आपण पाऊल टाकू तिथे शहर खुंटी ठोकते, हा मान घरात त्यांना कधी मिळाला नव्हता.

नाल्याच्या अलीकडे जमीन थोडी वर चढते. तिथे त्या थांबल्या.

"इथं चढ आहे," त्या म्हणाल्या.

"थोडासाच आहे, आई."

"थोडासा तुझ्या गुडघ्यांना. मी डावीकडून जाते. तुझ्या रस्त्याला यायचं तर तो येईल."

मी गेलो. आजही तिथे माझे सगळ्यांत मोठे वळण आहे, आणि परगावचे विद्यार्थी वह्या घेऊन त्याचा अभ्यास करायला येतात. वाटेत सासूबाई अकरा ठिकाणी बसल्या, तिथे अकरा बाकडी आली. एका ठिकाणी त्या बसल्या नाहीत, पण कपडे धुणाऱ्या एका बाईशी अर्धा तास उभ्याने बोलत राहिल्या. तिथे मला रुंद करण्यात आले.

पट्टीसाहेबांनी खुंट्यांवरून चढउतार मोजला. मग पुन्हा मोजला. साडेतीन किलोमीटरमध्ये कुठेही दम लागेल असा चढ नव्हता. त्यांनी पट्टी खिशात घातली, आणि नाल्यावरचा पूल असा बांधला की त्यात आजवर साधी भेग गेलेली नाही. माझ्या पोटातून पाणी वाहून नेणारी मोरीही त्यांचीच. वळणांचे कौतुक सगळे करतात, मोरीचे कोणी करत नाही, म्हणून मी मुद्दाम करतो.

आता झाडांकडे येतो, कारण माझी खरी गोष्ट झाडांची आहे.

माझ्या दोन्ही बाजूंना चारशे बारा, चारशे बारा झाडे लावायची होती. ती लावणाऱ्या माळ्यांच्या टोळीचा म्होरक्या तेव्हा अडतीस वर्षांचा होता. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी राहावे म्हणून मातीचे जे गोल आळे करतात, ते तो इतके देखणे करी की सगळे त्याला आळेकाका म्हणत. वळणबाईंनी त्याला आणि त्याच्या टोळीला बोलावून योजना समजावली. रांगेत एक झाड सावकाश वाढणारे आणि एक घाईचे, असे आलटून पालटून लावायचे. घाईची झाडे पाच वर्षांत सावली देतील, फुलतील, लोकांना खूश ठेवतील. पण तिशीच्या आसपास ती आतून पोकळ होऊ लागतात. सावकाश वाढणारी पंचवीस वर्षे नुसती मुळे धरत बसतील, आणि मग वर उठतील ती पुढची दीडशे वर्षे उभी राहण्यासाठी. मात्र पंचविसाव्या वर्षी घाईची झाडे काढलीच पाहिजेत. नाही काढली तर त्यांच्या छायेत सावकाश वाढणारी कायमची खुरटतील.

टोळीने एकमेकांत बोलण्यापुरती सोपी नावे ठेवली: पाहुणे आणि घरचे.

बाईंनी हे सगळे लिहूनही ठेवले, झाडांच्या नावांसकट. पण बागा खात्याच्या नोंदवहीत झाडाच्या नावाचा रकाना नव्हता. क्रमांकाचा होता. तेव्हाच्या कारकुनाने पाहिले, की पहिले झाड घरचे आणि दुसरे पाहुणे आहे. त्याने सुबक अक्षरात नोंद केली: 'पंचविसाव्या वर्षी सम क्रमांकाची झाडे काढावीत.' दोन, चार, सहा, असे करत चारशे बारापर्यंत. नोंद बिनचूक होती. मी तिला आजही नावे ठेवत नाही.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे पाहुण्यांची होती. ते वाढले, पसरले, फुलले. माझ्यावर फुलांचा सडा पडू लागला. फोटोवाले आले. दिनदर्शिकेत माझे चित्र सलग चार वर्षे आले, दर वेळी त्याच महिन्याला. डॉक्टर रोग्यांना औषधाऐवजी माझ्यावर पाठवू लागले. काही रोगी बरे झाले, त्याचे श्रेय डॉक्टरांनी घेतले. लग्न ठरलेली जोडपी बाकड्यावर बसून भांडली आणि भांडून होईपर्यंत सावलीत राहिल्यामुळे पुन्हा गोड झाली. ते सगळे मी पाहिले आहे.

घरची झाडे या काळात काड्यांसारखी उभी होती. एखादा माणूस त्यांना सायकल टेकवी, एवढाच त्यांचा उपयोग. आळेकाका मात्र पाहुण्यांना एक डबा पाणी घाली आणि घरच्यांना दोन. एखादे झाड मेले तर त्याच जागी त्याच जातीचे लावी, म्हणजे रांग मोडू नये. लोक विचारत, की या काड्यांवर एवढी मेहनत कशाला? तो म्हणे, "त्यांचं अजून सुरू व्हायचंय." वीस वर्षे तो हेच उत्तर देत होता आणि वीस वर्षे काहीही सुरू झालेले दिसत नव्हते.

मग हळूहळू माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. वळणबाई दुसऱ्या शहरात गेल्या आणि तिकडेच वारल्या. पट्टीसाहेब निवृत्त झाले. बागा खात्याची कचेरी तळ्याच्या बागेत होती, पण नव्या अधीक्षकांना तळ्याचे डास चावत, म्हणून ती टेकडीच्या बागेत नेली. बाकड्यांच्या फळ्या सुटल्या. आळेकाकाही निवृत्त झाला, आणि त्याची मुलगी त्याच खात्यात माळी म्हणून लागली. बापाचे हात तिला मिळाले होते, जीभ मात्र तिची स्वतःची होती. काही वर्षांनी ती मुकादम झाली. या खात्यात बाई मुकादम पहिलीच, म्हणून तिला एक वर्ष परीक्षेवर ठेवले होते. वर्ष नीट गेले तर पद कायम, नाहीतर परत खुरपे.

नेमके त्याच वर्षी माझी पंचविशी भरली.

हे कोणाच्याच लक्षात नव्हते. एका माणसाच्या होते. खात्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे क्रमांकराव म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वहीत लाल शाईची एकही दुरुस्ती नव्हती, आणि हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसऱ्याने सांगितले तर ऐकून घेत. पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद त्यांनी बरोबर त्या महिन्यात काढली. मित्रांनो, याचे मोल कमी समजू नका. शहरे अशाच माणसांमुळे चालतात, ज्यांना आठवण राहत नाही पण जे दर महिन्याला वही उघडतात.

त्यांनी मोजणी स्वतः केली. दोन सुट्टीचे दिवस त्यात घातले. खात्याचा नियम असा, की कोणतीही मोजणी कचेरीच्या दारापासून सुरू करायची. त्याप्रमाणे ते टेकडीच्या बागेतून निघाले आणि प्रत्येक सम क्रमांकाच्या झाडाला चुन्याचा पट्टा मारत तळ्यापर्यंत गेले.

आता तुम्ही वहीत काढून बघा. चारशे बारा झाडांची रांग. एका टोकाकडून जे झाड विषम येते, ते दुसऱ्या टोकाकडून सम येते. चुन्याचे सगळे पट्टे घरच्या झाडांवर पडले.

कोणालाही शंका आली नाही, कारण सगळे जुळत होते. वहीत सम लिहिले होते आणि पट्टे समवर होते. शिवाय ज्यांच्यावर पट्टे पडले ती झाडे दिसायलाही काढण्याजोगीच होती. वर्तमानपत्राने लिहिले, की खात्याला उशिरा का होईना जाग आली, आता खुरटी झाडे जाऊन फुलांच्या झाडांना मोकळी हवा मिळेल. सोमवारी तोड सुरू करावी, असा हुकूम मुकादमबाईच्या हातात पडला.

तिला कळले. घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. पण हुकूम लेखी होता, वरिष्ठांची सही होती, आणि तिचे परीक्षेचे वर्ष संपायला दोन महिने उरले होते. शिवाय हुकूम पाळला तर तिला शाबासकीच मिळाली असती. कोणाला काही सांगायचीही गरज नव्हती. दोन दिवस ती बापाला बाजाराच्या रस्त्याने फिरायला नेत राहिली. तिसऱ्या दिवशी तो एकटाच माझ्यावर आला.

ती मागून धावत आली तेव्हा तो नाल्याजवळच्या झाडावरचा चुना अंगठ्याने घासून बघत होता.

"हे कोणी केलं?"

"खात्यानं, बाबा."

"म्हणजे तू."

"मी नाही. मी फक्त सोमवारपासून तोडायची आहेत."

तो बाकड्यावर बसला. त्याने चुन्याचा अंगठा धोतराला पुसायला घेतला आणि मग पुसला नाही. "तोड," तो म्हणाला. "नोकरी तुझी आहे. फक्त कुठून सुरू करणार ते सांग. त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला बसेन."

"भांडा तरी माझ्याशी."

"मी कशाला भांडू? मला लावायला सांगितलं होतं, मी लावली. ती मोठी झालेली मला दिसतील असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या. पुढचं काम माझं नव्हतंच कधी."

ती रडली असे मी म्हणणार नाही, कारण ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मग ती एकदम वळली.

"बाबा, पहिलं झाड कुठलं होतं?"

"पहिलं म्हणजे?"

"लावायला सुरुवात कुठून केली?"

"तळ्यापासून. नळ तिथं होता, कचेरी तिथं होती. आणखी कुठून करणार?"

ती तशीच टेकडीकडे चालू लागली. बाप मागून हाका मारत राहिला, की जेवायला येणार आहेस का. तिने हातानेच काहीतरी सांगितले, त्याचा अर्थ त्याला लागला नाही आणि मलाही नाही.

कचेरीत मला जाता येत नाही. पण कचेरी संध्याकाळी माझ्यावरून घरी जाते, त्यामुळे तिथले फारसे काही माझ्यापासून लपत नाही. तिने क्रमांकरावांना आरडाओरड न करता एवढेच विचारले म्हणे, की नोंद केली तेव्हा कचेरीचे दार कुठे होते? त्यांनी वहीतली नोंदीची तारीख बघितली. मग त्यांनी छत्री घेतली.

तळ्याच्या टोकाला ते दोघे दुपारी साडेतीनला उभे राहिले. पहिल्या झाडाला तिने हात लावला, ते म्हणाले, "एक." असे ते साडेतीन किलोमीटर चालले. ती झाडाला हात लावी आणि ते आकडा म्हणत. वाटेत ओळखीच्या लोकांनी नमस्कार केले, त्यांना क्रमांकरावांनी उत्तर दिले नाही, कारण आकडा चुकला असता. चुन्याचा पट्टा असलेले प्रत्येक झाड विषम येत होते. शंभराच्या आसपासच त्यांना काय झाले आहे ते कळले असणार. पण ते शेवटपर्यंत मोजत गेले. चारशे बारावे झाड टेकडीच्या फाटकाशी होते, बिनपट्ट्याचे, फुलांनी लगडलेले.

क्रमांकरावांनी छत्री मिटली.

"मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. "तेव्हाचीही आणि माझीही. दोन्ही बरोबर आहेत, हेच वाईट."

"मग चूक कोणाची, साहेब?"

"कचेरीची. ती हलली. पण कचेरीला सही करता येत नाही. सही माझी आहे."

मग ते तिला हळू आवाजात म्हणाले, की बाई, नीट विचार करा. पट्टा मारलेली झाडे काढली तर तुम्हाला कोणी बोट लावणार नाही. ही फुलांची काढली तर अख्खे शहर तुमच्या दारात येईल, आणि तुमचे वर्ष अजून पुरे व्हायचे आहे. दोन वर्षे थांबायचे का?

"थांबलो तर ती खुरटतील. बाबा म्हणतात, पंचविशीला मान वर काढली नाही तर पुन्हा काढत नाहीत. आणि शहर यायच्या आधी माझी वहिनी येईल, साहेब. तिचं लग्न या झाडांखाली ठरलंय. तिला तोंड दिलं की शहराचं काही वाटणार नाही."

क्रमांकराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत लाल शाईने ओळ लिहिली, खाली पुरे नाव लिहून सही केली, आणि अधीक्षकांपुढे स्वतः वही धरली. अधीक्षकांनी विचारले, की हे कोणाला कळले असते का? ते म्हणाले, "मला कळलंय." नवा हुकूम निघाला.

रविवारी आळेकाका बादली आणि कुंचा घेऊन आला. लोक म्हणाले, की टोळी उद्या पुसेल, तुम्ही कशाला? तो म्हणाला, की उद्या घाईघाईत साल खरवडतील. त्याने एकट्याने एकोणीस झाडे धुतली आणि मग कंबर धरून बसला. विसावे झाड मुलीने धुतले. तिचे धुणे त्याला पसंत पडले नाही, हे त्याने तिला सांगितले आणि तिने ऐकून घेतले.

सोमवारी तोड सुरू झाली, आणि शहर खरेच आले.

पहिल्या झाडाचा बुंधा आतून पोकळ निघाला. दुसरा निघाला नाही, आणि वर्तमानपत्राने दुसऱ्याचाच फोटो काढला. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त न्यायाधीश फिरायचे बूट घालूनच निकाल देऊन गेले. दोन बायका झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. मुकादमबाईने त्यांना पाणी दिले आणि त्या दमेपर्यंत पुढच्या झाडाचे काम घेतले. वहिनीने अबोला धरला, आणि तो अजून धरलेला आहे असा निरोप रोज पाठवला. कोणी मुकादमबाईला कसाई म्हणाले. ती करवतीला तेल घालत होती. तिने मान वर केली नाही, पण त्या दिवशी तेल जरा जास्त पडले.

गर्दीतले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांनी उरलेल्या झाडांकडे बोट केले.

"या काड्यांची सावली कोणाला मिळणार, सांगा तरी."

आळेकाका बाकड्यावर बसून होता. तो म्हणाला, "मला नाही."

गृहस्थांनी बोट खाली घेतले.

"तुम्हालाही नाही बहुतेक," तो म्हणाला. "पण मिळणार आहे."

लोकांना पटले असे नाही. पण ऊन चढले होते, आणि ते एकेक करून पांगले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे मी विसरणार नाही. मला टकला रस्ता म्हणत. दिनदर्शिकेतून माझे चित्र गेले. उन्हाळ्यात माझे डांबर मऊ पडे आणि त्यात चपलांचे ठसे उमटत. त्या वर्षी मुकादमबाईचे पद कायम झाले नाही. पुढच्या वर्षी झाले, तेही तिच्यासारखे कोणी मिळेना म्हणून. आळेकाका रोज दुपारी, भर उन्हात, काळी छत्री डोक्यावर धरून नाल्याजवळच्या बाकड्यावर येऊन बसे. मुलीने सांगून पाहिले, की संध्याकाळी जा. तो म्हणे, दुपारचेच बघायचे असते. काय बघायचे असते ते मला हळूहळू कळले. झाडाखाली पडणारी सावली तो बघत होता. पहिल्या वर्षी ती ताटाएवढी होती. तिसऱ्या वर्षी चटईएवढी झाली. पाचव्या वर्षी त्याने छत्री मिटून बाकड्याला टेकवली, थोडा सरकला, आणि डोके सावलीत घेतले. पाय उन्हातच राहिले. त्याची काही तक्रार नव्हती.

सातव्या उन्हाळ्याच्या आधी तो गेला.

अकराव्या वर्षी नाल्याच्या वळणावर डाव्या बाजूची एक फांदी उजव्या बाजूच्या फांदीला लागली. मुकादमबाई तिथून सायकलवरून चालली होती. ती उतरली, सायकल उभी केली आणि वर बघत राहिली. मागून येणाऱ्या एका बाईला तिने वर बोट दाखवले. ती बाई म्हणाली, की हो, छान आहे, आणि पुढे गेली. मुकादमबाईही मग कामाला गेली.

आज तुम्ही माझ्यावर आलात तर वर आकाश दिसणार नाही. हिरवे छत दिसेल, आणि ते तळ्यापासून टेकडीपर्यंत सलग आहे. नव्या पिढीला वाटते, की ही झाडे इथे आधीपासूनच होती आणि मी त्यांच्यातून वाट काढत गेलो आहे. कोणी कधी लावली, कोणी वाचवली, कोणी शिव्या खाल्ल्या, हे कोणी विचारत नाही. मला याचा पूर्वी राग येई. आता वाटते, की इतके नीट केलेले काम केल्यासारखे दिसतच नाही. सासूबाईंचे गुडघे, पट्टीसाहेबांची मोरी, वळणबाईंची दोरी, क्रमांकरावांची लाल ओळ, सगळे माझ्यात जिरून गेले आहे. मी नुसता त्यांच्यावर पडून आहे.

शेवटी एक विनंती करतो. रस्त्याच्या तोंडी ती शोभत नाही, पण माझ्याशिवाय ती कोण करणार? जपणूक चालू असते तेव्हा मी चांगला दिसत नाही. कापलेला, उकरलेला, उघडा पडलेला दिसतो. तेव्हा खात्याला दोन शब्द सुनवायच्या आधी माळ्याला विचारा, की बाबा रे, काय चाललंय? तो सांगेल. त्याला सांगायला आवडते, पण कोणी विचारत नाही.

सध्या नदीच्या बागेजवळ झाडांची आळी मोकळी करत आहेत. इतक्या वर्षांच्या पावलांनी तिथली माती दगड झाली आहे आणि मुळांना श्वास घेता येत नाही. म्हणून मधल्या पायवाटेवर दोरी बांधली आहे. तुम्हाला थोडे बाजूने, ओल्या मातीतून जावे लागेल. चपला मळतील. मळू द्या.